सावलीचा मुलूख

डोंगरावर जावयाचे ते पावसाळ्यात, असा एक अलिखित शिरस्ता गेल्या काही दशकांत आपल्याकडे रूढ झाला आहे. मृगाच्या सरी कोसळून गेल्या, कड्यांवरून पाण्याच्या पांढऱ्या धारा लोंबू लागल्या, की कर्जत-कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या माणसांनी ओसंडून वाहतात. आणि जे सुज्ञ आईबाप एप्रिल-मे महिन्यांत ऊन बाधेल म्हणून लेकरांना दुपारी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाहीत, तेच जुलैत त्यांना शेवाळलेल्या, निसरड्या वाटांवर बिनदिक्कत घेऊन जातात. मला हा शिरस्ता उलटा वाटतो. लहान मुलाला अरण्याची पहिली ओळख करून द्यावयाची असेल तर ती वैशाखात करून द्यावी, अंगातून घामाच्या धारा लागलेल्या असताना, झाडीतून जाणाऱ्या वाटेने चालवीत करून द्यावी, असे माझे मत दिवसेंदिवस दृढ होत चालले आहे. पावसाळ्यात रान पाहावयास मिळते. उन्हाळ्यात ते आश्रय देते, आणि हा आश्रय ज्याच्या कातडीला एकदा समजला त्याला पुढे वनसंवर्धनाचे धडे क्रमिक पुस्तकातून घोकावे लागत नाहीत.

या मताला साक्षीदार म्हणून मी माथेरानला उभे करतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरचे हे पठार मोटारगाडीला मज्जाव असल्यामुळे आजही पायांच्या मापाने मोजावे लागते. सरकारदप्तरी त्याचा जन्म मे १८५० मधला आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे त्या महिन्यात डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या चौक गावी मुक्कामास होते. खालच्या मैदानात उकाड्याने जीव नकोसा होण्याचे ते दिवस. साहेब डोंगर चढून वर आले, वरची गर्द झाडी आणि गारवा त्यांच्या मनात भरला, आणि लवकरच तेथे बंगले उभे राहू लागले. पुढे आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याच्या पैशातून नेरळहून वर येणारी दोन फूट रुंदीच्या रुळांची चिमुकली आगगाडी १९०७ साली सुरू झाली, आणि माथेरान मुंबईकरांच्या उन्हाळ्याचा भाग होऊन बसले. इंग्रजी ग्रंथांत या सगळ्याला ‘शोध’ म्हटले आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्याच पठारावर आणि त्याच्या उतारांवर वावरणाऱ्या धनगर, ठाकर, कातकरी मंडळींना ते ठिकाण हरवले असल्याची वार्ताच नव्हती, त्यामुळे ते सापडल्याचे श्रेयही त्यांच्या वाट्यास आले नाही. ते असो. मला त्या नोंदीत महत्त्वाचा वाटतो तो महिना. मॅलेटसाहेब जुलैत वर आले असते तर धुके, चिखल आणि ओल्या बुटांचा अनुभव घेऊन बहुधा दुसऱ्याच दिवशी खाली उतरले असते. माथेरान उन्हाने दाखवून दिले.

यंदा तिसरीत जाणारी माझी नात आणि मी, असे दोघेच या वैशाखात माथेरानच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्यावरून आत चालू लागलो तेव्हा खाली नेरळच्या बाजारात दिवस पुरता तापण्यास अद्याप अवकाश होता, तरी फलाटावरचे लोखंडी बाक हात लावू देत नव्हते. उंचीबरोबर हवा दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते, या सृष्टीच्या जमाबंदीप्रमाणे माथेरानला नेरळपेक्षा पाचेक अंशांची सूट आपोआप मिळते. परंतु वरचा जो गारवा माणसाला खरोखर सुखावतो तो या सुटीत येत नाही, तो झाडांच्या पदरचा असतो. पान आपल्या अंगावर ऊन झेलते आणि मुळांनी वर ओढून आणलेले पाणी सूक्ष्म छिद्रांवाटे हवेत सोडते. एक लिटर पाण्याची वाफ व्हावयास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते, आणि हा खर्च झाडाखालच्या हवेच्या खात्यातून वळता होतो. तापमापक घेऊन उभे राहिले तर उन्हातल्या आणि सावलीतल्या हवेत दोन-चार अंशांहून अधिक अंतर सहसा दिसत नाही. तरीही शरीराला ते अंतर दोन वेगळ्या मुलखांइतके वाटते, कारण उघड्यावर आपल्याला जाळते ती हवा थोडी आणि थेट अंगावर येणारे किरण फार.

हा सारा मजकूर मी नातीला सांगण्याच्या बेतात होतो. तिने त्याआधीच त्याचा खेळ करून टाकला. ‘आजोबा, तुम्हाला ऊन की सावली?’ असे तिने मध्येच थांबून विचारले. ज्यांचे बालपण वाड्याच्या अंगणात किंवा चाळीच्या पटांगणात गेले त्यांना हा प्रश्न सांगावयास नको. ज्याच्यावर राज्य असते त्याने ऊन किंवा सावली मागून घ्यावयाची, आणि मग इतरांनी त्याच्या हद्दीत पाय ठेवला की बाद. आमच्या लहानपणी मे महिन्यातील पटांगणात सावली म्हणजे भिंतीच्या कडेची एक अरुंद पट्टी, त्यामुळे जो तो सावलीसाठी भांडे. येथे मी सवयीने सावली मागितली, आणि नात चक्क हताश झाली. कारण दूरवर पाहिले तरी तिला उभे राहावयास उन्हाचा तुकडा म्हणून सापडेना. तांबड्या वाटेवर कोठे रुपयाएवढे, कोठे बशीएवढे कवडसे पडलेले होते, ते वाऱ्याने जागा बदलत होते, आणि एका कवडशावर एक पाय ठेवून ती दुसरा पाय कोठे ठेवावा याच्या विवंचनेत काही क्षण तोल सांभाळीत उभी राहिली. मग तिने नियम बदलले. लहान मुलांना सरकारप्रमाणेच नियम हवे तेव्हा बदलता येतात.

माथेरानची ही झाडी म्हणजे नुसती दाटी नव्हे, त्यामागे दगडाचे एक कारस्थान आहे. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर येथे जांभ्या दगडाची जाड टोपी आहे. हा दगड सच्छिद्र. पावसाळ्याच्या चार महिन्यांत पाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पडणाऱ्या पाण्यापैकी बरेचसे समुद्राकडे धावून जाते, पण काही हा दगड आपल्या पोटात मुरवून ठेवतो आणि कोरड्या महिन्यांत झाडांच्या मुळांना हप्त्याहप्त्याने देत राहतो. म्हणून खाली कोकणच्या बाजूस साग-ऐनांचे खराटे झालेले असताना वर जांभूळ, पिसा, अंजनी ही मंडळी पानांचा संसार राखून असतात. अंजनीला तर याच दिवसांत बहर येतो. तिची फुले फांदीच्या टोकाला न येता थेट जुन्या, खरबरीत लाकडावर झुपकेच्या झुपके फुटतात. निळ्या आणि जांभळ्या यांच्या सीमेवरचा तो रंग असतो, आणि फूल एवढे बारीक असते की नातीने ते करंगळीच्या नखावर ठेवले तेव्हा नख तेवढे निळे दिसले. आम्ही त्या झाडापाशी बराच वेळ काढला. पलीकडून घोड्यांवर बसलेले एक कुटुंब ‘पॉइंट अजून किती लांब?’ असे घोडेवाल्याला विचारीत निघून गेले. अंजनी त्यांच्या खांद्याला घासून गेली असेल.

पुढे वाटेच्या वळणावर, पानांच्या द्रोणांत करवंदे मांडून एक कातकरी बाई बसली होती. करवंद हातात घेतल्यावर ते न खाता प्रथम ‘कोंबडा की कोंबडी?’ असे विचारावयाचे असते, आणि मग चावून आतला गर लाल निघाला तर कोंबडा, पांढुरका निघाला तर कोंबडी, हा कायदा नातीला ठाऊक नव्हता. तिच्या पिढीला करवंद बहुधा लोणच्याच्या बरणीतूनच भेटते. बाईने तो तिला समजावून दिला. तिने द्रोण संपेपर्यंत प्रत्येक करवंदाचा निकाल लावला, आणि त्या भानगडीत ओठांना लागलेला चीक पुढे अर्धा तास पुसत राहिली. 

ज्या एका गोष्टीसाठी मी ही वाट उन्हाळ्यातच चालावी म्हणतो, ती मात्र यापुढे होती आणि ती मी दाखविली नाही, तिनेच शोधून काढली. एका मोठ्या जांभळाच्या बुंध्याशी, मुळांच्या बेचक्यात, पिठासारखी मऊ तांबडी माती साचलेली होती, आणि त्या मातीत बोटाच्या पेरभर खोलीचे, नरसाळ्याच्या आकाराचे, अगदी कोरून काढल्यासारखे खळगे होते. मोठ्या माणसाची नजर जमिनीपासून पाच-साडेपाच फुटांवरून फिरते, तिला असले काही दिसत नाही. नातीची नजर त्याहून पुष्कळ जवळ, आणि ती खाली बसली की सर्वस्वी त्याच प्रांतात. ‘हे कोणी केलं?’ असे तिने विचारले. मी तिला थांबावयास सांगितले.

एक मुंगी आली. काळी, घाईतली, आपल्याच नादात. ती खळग्याच्या काठावरून गेली, काठ ढासळला, आणि ती घसरून उतारावर अर्ध्यावर आली. तिने वर चढण्याचा यत्न केला, पायांखालची माती पुन्हा सरकली. त्या उताराचा कोन असा बेताचा साधलेला असतो की मातीचा कण तेथे जेमतेम तग धरून असतो, त्यावर मुंगीएवढा भार पडला तरी तो निसटतो. तरीही ती चढत होती, आणि कदाचित निसटलीही असती. पण एवढ्यात खळग्याच्या तळातून मातीचा एक लहानसा फवारा उडाला, मग दुसरा, आणि त्या माऱ्याखाली मुंगी थेट तळाशी गेली. तेथे मातीतून दोन बारीक, वाकड्या नांग्या वर आल्या, मिटल्या, आणि मुंगी मातीआड ओढली गेली. सारे काही दहा-पंधरा सेकंदांत आटोपले. थोड्या वेळाने खळग्याची डागडुजी पुन्हा सुरू झाली.

नात काही वेळ बोललीच नाही. मग तिने विचारले, ‘तो आत आहे?’ आहे, मी म्हटले. हा एका पंखवाल्या कीटकाचा पोर. मोठा झाला की चतुरासारखा दिसतो, तोवर मातीत दडून असाच बसतो. तो मागे-मागेच चालतो, मागे सरकत गोल-गोल फिरून हा खळगा खणतो आणि डोक्याने माती उडवितो. ‘पण मग मुंगीची आई?’ या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि बनविण्याची इच्छाही झाली नाही. रानात न्यायाची फिर्याद कोणाकडे करावयाची असते हे तिला आजच कळले पाहिजे असे नाही. मला सांगावयाचे ते एवढेच की मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला की या मातीचा चिखल होतो आणि वाटेकडेचे असले खळगे त्यात बुजून जातात. धबधबे पाहावयास जुलैत वर आलेल्या शेकडो मुलांपैकी एकालाही हे नाट्य त्या वाटेवर दिसत नाही. उन्हाळा ओसाड असतो, त्यात काही घडत नाही, असे म्हणणाऱ्यांनी एकदा कोरड्या मातीपाशी उकिडवे बसून पाहावे.

सावलीत बसल्यावर मी तिला कालिदासाची हकीकत सांगितली, कारण मुंगीमुळे तिचे मन जरा खट्टू झाले होते. ऋतुसंहाराचा आरंभ त्याने वसंतापासून न करता ग्रीष्मापासून केला आहे, आणि त्या सर्गात उन्हाने पोळलेला साप वैर विसरून मोराच्या पिसाऱ्याखाली जाऊन पडतो, डबक्यातून तडफडत बाहेर आलेला बेडूक सापाच्या फण्याच्या छत्रीखाली आश्रय घेतो, असे त्याने वर्णिले आहे. भुकेल्याने भक्ष्याला सावली द्यावी असा हा तह कोणत्याही प्राणिशास्त्राच्या ग्रंथात नोंदलेला नाही, आणि कवीलाही तो वस्तुस्थिती म्हणून अभिप्रेत नसावा. पण वैशाखात बारा वाजता झाडाखाली थांबलेल्या हमाल, घोडा, कुत्रा, माकड आणि मुंबईचा व्यापारी यांच्याकडे पाहिले की कवीने तो काढला कोठून याचा उलगडा होतो. नातीने त्यावर विचार करून विचारले, ‘आणि ऊन उतरल्यावर?’ कालिदास त्या बाबतीत गप्प आहे.

पिसारनाथाच्या देवळावरून आम्ही शार्लट तळ्याकडे आलो. माथेरानच्या पिण्याच्या पाण्याचा हा साठा. वैशाखात तो खूपच खाली गेलेला असतो, आणि तळाची माती उघडी पडून तिला भेगा गेलेल्या दिसतात. शीळकरी कस्तूर नावाचा निळसर काळा पक्षी पलीकडच्या झाडीत कोठेतरी गात होता. अनोळखी माणसाला ही शीळ एखाद्या रिकामटेकड्या पोराने घातली असावी असेच वाटते. नातीलाही तसेच वाटले आणि तिने उलट शीळ घालण्याचा प्रयत्न करून पाहिला, करवंदाच्या चिकामुळे तो साधला नाही.

तळ्यापलीकडे झाडी संपते आणि कडा येतो. माथेरानात असे कडे पठाराच्या चहूबाजूंस आहेत. त्यांतल्या पुष्कळांना कोणा साहेबाचे, मडमेचे, बादशहाचे नाव आहे, आणि पाहुणा येतो तो त्यांचीच यादी पुरी करावयास. आम्ही गेलो. समोर प्रबळगडाचे प्रचंड धूड उन्हात धुरकट झालेले दिसत होते. पुरंदरच्या तहात, १६६५ साली, शिवाजी महाराजांना मोगलांच्या हवाली कराव्या लागलेल्या तेवीस किल्ल्यांत याचेही नाव होते, असे मी सांगू लागलो. नातीने किल्ल्याकडे अंदाजे एक मिनिट पाहिले, ‘तिथं सावली आहे का?’ असे विचारले, आणि माझा हात धरून परत झाडीकडे ओढले. तिची तक्रार रास्त होती. पॉइंटावरून मुलूख पाहणे ही मुळात अंमलदाराची गरज. आपल्या ताब्यातला प्रदेश एका नजरेत यावा, कोणते गाव कोठे, नदी कोठून वळते, हे वरून दिसावे, याचे मोल कलेक्टराला असते. आठ वर्षांच्या मुलाला तीन मैलांवरची वस्तू ही नसल्यात जमा. त्याचा मुलूख हाताच्या अंतरावर असतो, आणि तो सारा मागे, सावलीत राहिलेला असतो. कड्यावर झाड नसते, बसावयास आडोसा नसतो, दुपारी खडक भाजून निघालेला असतो. तरी वीस मिनिटांच्या अप्रतिम झाडीतून मुलांना ‘चला, चला, पॉइंट आला’ असा तगादा लावीत पळवावयाचे आणि उन्हात नेऊन उभे करावयाचे, ही आपली सहल.

परतीच्या वाटेवर मला रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राची आठवण होत होती. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या त्या राजनीतीच्या ग्रंथात आरमाराच्या लाकडाचा विषय निघाला असता पंतांनी आंबा-फणसाच्या झाडांना हात लावू देऊ नये असे बजावले आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे जतन करून वाढविलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहणार नाही, असे कारणही दिले आहे. गलबते बांधण्याची निकड असलेल्या राज्याचा अमात्य हे लिहितो. माथेरानला केंद्र सरकारने २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरविले, त्या अधिसूचनेतली कलमे पुष्कळ आणि शास्त्रशुद्ध आहेत. पण झाड म्हणजे कोणाच्या तरी वाढविण्याचा काळ, हे पंतांना जसे एका वाक्यात सांगता आले तसे त्या कलमांना साधलेले नाही.

आता दोन शब्द ज्यांना माझे म्हणणे पटले असेल आणि तरी धास्ती वाटत असेल त्यांच्यासाठी. धास्ती निराधार नाही. मुलाच्या शरीराचे वजन कमी आणि त्या मानाने कातडीचे क्षेत्र अधिक, घामही त्याला मोठ्यांपेक्षा कमी येतो, शिवाय खेळाच्या भरात तहान लागल्याचे ते सांगत नाही. म्हणून ते लवकर तापते. त्याला मागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी घोटभर पाणी द्यावे, सोबत मीठ-साखरेचे लिंबूपाणी किंवा कोकमाचे सरबत असावे, डोक्याला सुती टोपी असावी, आणि चेहरा लालबुंद होऊन ते चिडचिडे झाले किंवा गप्प झाले तर चालणे तेथल्या तेथे तहकूब करून त्याला सावलीत निजवावे, कपडे सैल करावेत आणि अंग ओल्या फडक्याने पुसावे. तेवढ्याने उतार पडला नाही तर डॉक्टर गाठण्यात वेळ दवडू नये. अक्षय्य तृतीयेला उदककुंभ, छत्री आणि पायताण दान करावयास सांगणाऱ्या आपल्या पूर्वजांना वैशाखात माणसे वाट चालतात हे ठाऊक होते. त्यांनी चालू नका असे सांगितले नाही, पाणी, छत्री आणि जोडा घेऊन चाला असे सांगितले.

तेव्हा ज्यांच्या घरी सहा ते दहा वर्षांचे मूल असेल त्यांनी यंदा पावसाची वाट न पाहता मेच्या एखाद्या आडवारी त्याला घेऊन निघावे. शनिवार-रविवारी तेथे पाऊल ठेवावयास जागा नसते. सकाळी सातच्या आत दस्तुरी गाठावी, पाणी माणशी दीड-दोन लिटर घ्यावे, अकरापर्यंत चालून घ्यावे, पॉइंटांची यादी घरी ठेवावी आणि पिसारनाथाची वाट विचारावी. घोडेवाला प्रथम घोडा घ्या म्हणेल. नको म्हटले की वाटही सांगतो.